वरून कोरडी, खालून चिखल

पत्र: आम्ही वडगावात राहतो. गच्चीवर पेंटच्या २० लिटरच्या सहा डब्यांत दसऱ्यानंतर टोमॅटोची रोपं लावली. डब्यांना तळाला दोन-दोन भोकं पाडलीत, त्यावर चार बोटं खडी, वर निम्मी निपाणीकडची काळी माती, निम्मी परसातली तांबडी, आणि शेणखत. स्लॅब ओला होऊ नये म्हणून प्रत्येक डब्याखाली थाळी ठेवलीय. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. त्या दिवशी डबे भरभरून पाणी घालते, एरवी संध्याकाळी तांब्या-तांब्या. झाडं कमरेएवढी झाली, फळंही धरली. पण आता खालची पानं पिवळी पडताहेत, दुपारी झाडं माना टाकतात, काही फळांची बुडं काळी पडलीत आणि दोन-तीन फळं तडकली. सासूबाई म्हणतात पाणी कमी पडतंय, मिस्टर म्हणतात खत कमी पडतंय, आणि शेजारच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितलीय. नेमकं काय करू?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

ताई, तुमच्या सासूबाई वरच्या चार बोटांपुरत्या बरोबर आहेत. तिथं पाणी खरंच कमी पडतंय. खालच्या चार बोटांत मात्र पाणी इतकं झालंय की मुळं गुदमरताहेत. एकाच डब्यात दुष्काळ आणि पूर दोन्ही आहेत, म्हणून तुम्हाला लक्षणंही दोन्हींची दिसताहेत. खताचा विचार सध्या बाजूला ठेवा. मुळं बिघडलेली असताना खत घातलं तर पिवळेपणा वाढेलच. दृष्टीचं काकूंवर सोडते.

आधी एक काम करा. सहांपैकी ज्याची अवस्था सगळ्यांत वाईट आहे तो डबा निवडा आणि त्या झाडाची आशा सोडा. गोणपाट पसरून डबा त्यावर आडवा करा, चारी बाजूंनी थोपटा आणि मातीचा गोळा सबंध बाहेर ओढा. वरचा थर भुरभुरीत, फिकट आणि भेगाळलेला दिसेल. मधल्या भागात मुळांचं पांढरं जाळं असेल. खडीच्या लगेच वर तीन-चार बोटांचा काळपट, चिकट पट्टा लागेल, मूठ आवळली तर बोटांतून पाणी निघेल असा. त्या पट्ट्यातली मुळं तपकिरी झालेली असतील आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटून आतला दोरा तेवढा हातात येईल. नाक जवळ नेलंत तर आंबूस किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येईल. गंमत म्हणजे त्याखालची खडी जवळजवळ कोरडी असेल. तिच्यासाठीच एवढा खटाटोप केला होता ना आपण?

ही खडीची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. नर्सरीवालेही सांगतात आणि हौशी माणसंही एकमेकांना सांगतात. माझं मत स्पष्ट आहे: तिचा उपयोग नाही, तोटा मात्र आहे. बारीक मातीच्या कणांमध्ये पाणी घट्ट धरलेलं असतं. खाली खडीतल्या मोठ्या पोकळ्या आल्या म्हणून ते तिथं आपोआप उतरत नाही. वरची माती गच्च भरून ओघळायला लागेल तेव्हाच थेंब खाली पडतो, आणि तो पडायचा थांबला तरी तळचा पट्टा ओलागच्चच राहतो. खडी नसती तर हा पट्टा डब्याच्या अगदी बुडाशी राहिला असता. तुम्ही चार बोटं खडी घातली, म्हणून तो चार बोटं वर चढून मुळांच्या राज्यात आला. निचरा तेवढाच राहिला आणि माती तेवढी कमी झाली.

खात्री करायची असेल तर भांडी घासायचा स्पंज घ्या. पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा आणि ठिबकायचा थांबेपर्यंत वाट बघा. मग तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी ठिबकायला लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मातीचंही असंच असतं. तळचा ओला पट्टा किती जाड राहील हे मातीवर ठरतं, कुंडी मोठी की लहान यावर नाही. म्हणून उथळ, पसरट कुंडीत निम्मी माती चिखलात असते आणि उंच डब्यात तेवढाच पट्टा असून वर मुळांना भरपूर जागा राहते. टोमॅटोला पेंटचा डबा चांगला तो याच कारणानं. तुमची निवड चुकलेली नाही. पसरट शोभेच्या कुंड्यांना लोक उगाच पैसे घालवतात.

आता दुपारी माना टाकण्याबद्दल. मुळं पाणी ओढायला हवा वापरतात. पाण्यातून प्राणवायू पसरायचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतो. पट्टा चार-पाच दिवस भरलेला राहिला की तिथली मुळं काम सोडतात आणि पाण्यात उभं राहून झाड तहानेनं वाळतं. आपण ते बघून आणखी तांब्याभर ओततो. फरक ओळखायचा असेल तर पान हातात घ्या. पाणी खरंच कमी असेल तर पान पातळ, मऊ आणि निर्जीव लागतं, आणि पाणी घातल्यावर तास-दोन तासांत सावरतं. पाणी जास्त झालेलं असेल तर पान जाडसर, ताठ असतं, पण देठच खाली वळलेला असतो, पूर्ण झाडानं खांदे पाडल्यासारखं. मुळांना हवा मिळाली नाही की टोमॅटोत इथिलीन वायू वाढतो आणि त्यामुळं देठ असे वाकतात. आणखी एक खूण वेळेची आहे. फक्त दुपारच्या उन्हात झाड मलूल झालं आणि संध्याकाळी सावरलं, तर एवढं घाबरायचं कारण नाही, मोठ्या पानाचं झाड भर उन्हात थोडं झुकतंच. पहाटे सहाला मलूल असेल तर मात्र काहीतरी बिनसलंय.

थांबा, उरलेल्या पाच डब्यांकडे वळण्याआधी एक शंका फेडून घेऊ. आपल्या भागातल्या तांबड्या मातीत, खानापूरकडं तर विशेष, टोमॅटोला जीवाणूजन्य मर रोग येतो. झाड हिरवंगार असतानाच एक-दोन दिवसांत कोसळतं, पानं पिवळी व्हायलाही वेळ मिळत नाही. तुमची पानं पिवळी होताहेत, त्यामुळं मला तो वाटत नाही. पण ते उपटलेलं झाड हातात आहेच, तर जमिनीजवळून खोडाचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात, टोक बुडेल असा स्थिर धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ दोरे पाण्यात उतरायला लागले तर मर आहे. त्यावर औषध शोधत बसू नका, ते झाड आणि त्या डब्यातली माती दोन्ही बाहेर काढा, आणि ती माती दुसऱ्या कुंडीत वांगी-मिरचीलासुद्धा वापरू नका. पाणी स्वच्छ राहिलं तर निचऱ्याचंच दुखणं आहे असं धरून चला.

फळं लागलेल्या झाडाची माती बदलायच्या भानगडीत पडू नका. मुळं तुटतील आणि आहे तेही पीक जाईल. त्यापेक्षा आधी थाळ्या काढून टाका. त्यात पाणी साठलं की तळाची भोकं बुडून राहतात, आणि डासांची सोय होते ती वेगळीच. प्रत्येक डबा तीन विटांच्या तुकड्यांवर ठेवा, म्हणजे तळाची भोकं मोकळी होतील. सपाट स्लॅबवर टेकलेल्या डब्याची भोकं अर्धी बुजलेलीच असतात. तळाला भोकं दोनच आहेत, ती पुरत नाहीत. डबा विटांवर असताना खालून ड्रिल घालणं अवघड, म्हणून बाजूनं, बुडापासून बोटभर वर, १० मिलिमीटरची चार भोकं पाडा.

एवढ्यानं नव्यानं घातलेलं जास्तीचं पाणी पटकन बाहेर पडेल. पण तो चिकट पट्टा निव्वळ भोकं पाडून रिकामा होत नाही, कारण त्यातलं पाणी मातीनं धरून ठेवलेलं आहे. ते ओढून काढावं लागतं. त्यासाठी दोन उपाय आहेत. एक, एका बाजूला आणखी एक वीट सरकवून डबा तिरका करा. एक कोपरा खाली गेला की मातीची उंची वाढते आणि स्पंज उभा केल्यावर झालं तेच होतं, खालच्या बाजूच्या भोकांतून काळपट पाणी गळायला लागेल. अर्ध्या दिवसानं पुन्हा सरळ करा. झाडाला काठीचा आधार असेल तर तो आधी तपासा. दोन, खडी जिथं संपते त्या उंचीला बाजूनं एक भोक पाडा आणि जुन्या सुती साडीच्या काठाची बोटभर रुंद पट्टी भिजवून, विणायच्या सुईनं वा बारीक काडीनं, पट्ट्यातल्या मातीत वीतभर आत सारा. दुसरं टोक डब्याबाहेर, डब्याच्या बुडापेक्षा खाली लोंबू द्या. ही वात थेंब-थेंब पाणी ओढत राहते. आठ-पंधरा दिवसांत ती कुजेल किंवा गाळानं बुजेल, मग बदलायची.

आता नळाचं. तुम्ही झाडाला पाणी घालत नाही, नळ आला म्हणून पाणी घालता. हे आपल्या गावात सगळेच करतात. पाणी आलं की भांडीकुंडी, बॅरल, घागरी, बादल्या भरायच्या आणि त्या नादात झाडांवर पाइपही फिरवायचा. पण २० लिटरच्या डब्यातली माती चार दिवसांचं पाणी साठवून ठेवूच शकत नाही. जास्तीचं वाहून जातं किंवा तळाला अडकतं. नळाच्या दिवशी झाकणाचं एक बॅरल झाडांसाठी म्हणून वेगळं भरा आणि रोज त्यातून मोजून द्या. झाकण घट्ट हवं, डासांसाठी.

किती द्यायचं? सध्याच्या थंडीत, फळं धरलेल्या झाडाला, अंदाजे दीड ते दोन लिटर रोज. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापायला लागलं की तीन लिटरपर्यंत जाईल, आणि तेव्हा सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावं लागेल. ढगाळ दिवशी निम्म्यावर या. हे आकडे सुरुवातीपुरते. खरी मोजणी हातानं करायची: बोट दोन पेरं मातीत घाला, तिथं ओल लागली तर आज पाणी नाही. आणि पाणी घालून तासाभरानं डबा एका बाजूनं किंचित उचलून बघा. ते वजन हाताला कळलं की रोज सकाळी नुसता काठ उचलून अंदाज येतो. आठवड्यात तुम्हाला बोट घालायचीही गरज राहणार नाही.

घालायची तऱ्हाही महत्त्वाची. काळी माती वाळली की आक्रसते, डब्याच्या भिंतीपासून सुटते आणि तिथं फट पडते. तुम्ही ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, भोकातून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं झाड तृप्त झालं. मधला गोळा कोरडाच. खुरप्याच्या टोकानं कडेची माती हलवून फट बुजवा. मग अर्धा लिटर सावकाश, सगळीकडून फिरवून घाला. दहा मिनिटं दुसरं काम करा. माती ओली झाली की ती पाणी धरायला लागते, तेव्हा उरलेलं घाला, तळातून थोडं ठिबकेपर्यंत. तेवढं ठिबकणं गरजेचं आहे, विशेषतः बोअरचं पाणी वापरत असाल तर. कुंडीच्या काठाला पांढरी साय धरते ना, ते क्षार आहेत. थोडं पाणी बाहेर गेलं की ते धुऊन जातात.

वेळ सकाळची ठेवा. तुमचं संध्याकाळचं तांब्याभर पाणी नुसता वरचा थर भिजवतं, मुळं वरच घोटाळतात, आणि थंडीत रात्रभर पानांवर ओल राहिली की करप्याला, म्हणजे पानांवर डाग पाडणाऱ्या बुरशीला, आमंत्रण. पाणी बुडाशीच घाला, पानांवर नको. मातीवर उसाच्या पाचटाचा दोन बोटं थर द्या. चिकोडी-हुक्केरीकडं कुणी पाहुणे असतील तर पोतंभर फुकट मिळेल. ओल टिकते, आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर मातीतली बुरशी खालच्या पानांवर उडत नाही. खालची पिवळी पानं काढून टाका, ती परत हिरवी होणार नाहीत.

फळांच्या काळ्या बुडाबद्दल तुम्हाला कुणी ना कुणी अंड्याची टरफलं किंवा चुना घालायला सांगेल. तो रोग नाही हे खरं आणि फळात कॅल्शियम कमी पडतं हेही खरं. पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, ते फळापर्यंत पोचत नाही. ते पाण्याबरोबरच वाहतं, आणि पानं जास्त पाणी ओढतात म्हणून ओढाताण झाली की फळाच्या टोकाला सगळ्यांत आधी तुटवडा पडतो. चार दिवस कोरडं, पाचव्या दिवशी पूर, शिवाय खाली कुजलेली मुळं, मग कॅल्शियम जाणार कसं? टरफलं कुजायला महिने लागतात, तोवर तुमचा हंगाम संपेल. पाण्याची घडी बसली की नवीन धरलेली फळं चांगली येतील. काळं बूड झालेली काढून टाका, झाडावर ठेवून ती बरी होत नाहीत. वरचा निम्मा भाग चांगला असेल तर आमटीला चालतो. युरिया मात्र घालू नका, त्यानं हा त्रास वाढतो.

तडकण्याचं कारणही तेच. कोरड्यात साल ताठ होते, मग अचानक पाणी मिळालं की आतला गर फुगतो आणि साल फाटते. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की दुसऱ्या दिवशी अशीच फळं फाटलेली दिसतात. पाणी आपल्या हातात नसेल तेव्हा फळ गुलाबीसर होताच तोडून घरात पिकवा. चवीत फारसा फरक पडत नाही, आणि पाखरांनाही वाटा द्यावा लागत नाही.

पुढच्या वेळी माती वेगळी करा. शेतात सोनं असलेली निपाणीची काळी माती डब्यात नको. तिथं ती खोल असते, भेगा पडतात, मुळांना जागा असते. डब्यात ती ओली झाली की गच्च बसते, वाळली की विटेसारखी होते. तिच्यात घमेलंभर वाळू मिसळून ती सुधारेल असंही नाही, थोड्या वाळूनं चिकणमाती आणखीच दाट होते. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग तांबडी माती, एक भाग गांडूळ खत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग भाताचं तूस, असं घमेल्यानं मोजून मिसळा. आपल्याकडं भाताच्या गिरण्यांना तोटा नाही. जळकं तूस मिळालं तर अधिक चांगलं, ते लवकर कुजत नाही. कोकोपीट आधी दोन पाण्यांत धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. आणि ते पूर्ण वाळू देऊ नका, एकदा वाळलं की सगळीकडून सारखं भिजायला वेळ लागतो. तसं झालंच तर डबा बादलीतल्या पाण्यात तासभर बसवून ठेवायचा. तळाला खडीऐवजी भोकांवर डासांच्या जाळीचा तुकडा, किंवा खानापुरी कौलाचा एक बाकदार तुकडा पालथा. तेवढ्यानं माती गळत नाही.

वाण निवडताना बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक मिळाला तर बघा. पर्णगुच्छ (पानं मुरडणारा विषाणू रोग), जीवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो दाद देत नाही. संकरित आहे, म्हणून त्याच्या फळातलं बी धरून ठेवायचं नाही.

लावणीची वेळ तुम्ही साधलीच आहे. दसऱ्याच्या आगेमागे लावलं की थंडीत फळ चांगलं धरतं. मृगात लावायचा मोह होतो, पण जुलै-ऑगस्टमधल्या आपल्या झडीत, ऊन नाही, वारा नाही, झाड पाणी ओढत नाही आणि वरून धार थांबत नाही, अशा दिवसांत उघड्या गच्चीवर कितीही भोकं पाडली तरी टोमॅटो रडतो. पत्र्याच्या किंवा कौलांच्या वळचणीखाली, पण पागोळ्या अंगावर न येतील अशा जागी ठेवता आलं तर एक-दोन झाडं जगवता येतील. बाकी त्या दिवसांत दोडका-काकडी लावा.

स्लॅबची काळजी रास्त आहे, पण थाळीचा उपाय चुकीचा. भिजलेल्या मातीसह एक डबा ३० किलोच्या आसपास भरतो. सहा डबे मध्यावर एकत्र न ठेवता भिंतीच्या कडेनं, खाली तुळई असेल त्या रेषेवर लावा. विटांवर असल्यानं खालून हवा फिरेल आणि सांडलेलं पाणी दोन तासांत वाळेल. गच्चीचं पन्हाळं मात्र आठवड्याला बघत जा. पाचट आणि कोकोपीट तिथं जाऊन बसलं तर पहिल्याच वळवाला गच्चीचं तळं होईल.